थोरलीची चिमटी

समजा, तुमचे केस लाटांचे आहेत. कुरळे नव्हेत, कुरळ्यांचं राज्यच वेगळं. सरळही नव्हेत. मधलेच. कानापर्यंत शहाण्यासारखे खाली येतात आणि तिथून पुढे प्रत्येक बटेला स्वतःचं मत फुटतं.

सुटीची सकाळ आहे. केस भिजवा. शाम्पू फक्त टाळूला लावा, लांबीला ओघळणारा फेस पुरतो. कंडिशनर मात्र लांबीला, आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून सुरुवात करून वर वर जात गुंता सोडवा. कोरड्या केसांत कंगवा घालणं म्हणजे मांजराला उलटं कुरवाळणं, ओरखडे आपल्यालाच. आता टॉवेल लांब ठेवा. जुना, धुवून धुवून मऊ झालेला सुती बनियन घ्या, केस त्यात धरा आणि दाबा. घासायचं नाही. मग जवस उकळून गाळलेलं बुळबुळीत पाणी तळव्यावर घ्या, एकेक बट तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये पकडा, थोडी पुढे ढकला, दाबा, सोडा. खाली सरका, मागे ढकला, दाबा, सोडा. अशा लाटा बसवत खांद्यापर्यंत या. आणि मग हात खाली. सुकेपर्यंत केसांना बोट लावायचं नाही. सगळ्यात अवघड काम हेच.

समजा, तेही तुम्ही केलंत. हात मांडीवर ठेवून बसलात. घरात दुसरं कोणी नाही. केस सुकले, तुम्ही आरशात पाहिलंत, आणि डाव्या कानामागे एक लाट अशी सापडली जी तुमच्या बोटांनी पाडलेली नाही. इतर लाटांपेक्षा अरुंद, चिमटा काढल्यासारखी. ती कोणाच्या बोटांची आहे हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, आणि ती व्यक्ती आता नाही.

माझ्या धाकट्या आत्याचं असं झालं.

माझ्या वडिलांना दोन बहिणी. दोघी वडिलांहून मोठ्या. तरी त्यातली एक जन्मभर ‘थोरली’ आणि दुसरी ‘धाकटी’च राहिली. धाकटीच्या कानशिलावर पांढरे केस दिसायला लागले तरी दुकानातले लोकसुद्धा तिला धाकट्या ताई म्हणत. आई-वडील लवकर गेले, तेव्हा थोरलीने शिवणयंत्रावर कपडे शिवून घर चालवलं, माझ्या वडिलांना शिकवलं, त्यांचं लग्न करून दिलं. धाकटीचं काही करायचं राहून गेलं. एकदा एक स्थळ आलं होतं, मुलगा बरा होता, पण गाव लांब, समुद्राकाठचं. थोरली म्हणाली, “तिकडचं पाणी जड आहे. हिचे केस जातील.” आणि विषय मिटला. नकाराचं एवढं विचित्र कारण आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. धाकटी तेव्हाही काही बोलली नाही. थोरलीपुढे ती फारशी बोलायचीच नाही.

धाकटीचं काम चष्म्याच्या काचा घासण्याचं. नंबराची गोल काच येते, ती फ्रेमच्या आकाराची करायची. ओल्या चाकावर काच धरायची, कड उतरवायची, मध्ये मध्ये फ्रेममध्ये बसवून बघायची. जरा जास्त घासली तर काच फ्रेममध्ये हलते, कमी घासली तर कडेला दाब येऊन तडकते. दुकानाच्या मागच्या अरुंद खोलीत, चाकावर ठिबकणाऱ्या पाण्याच्या आवाजात, तिने सगळं तारुण्य काढलं. संध्याकाळी घरी येताना तिच्या बाह्यांवर काचेची पांढरी भुकटी असायची. थोरली दारातच तिला झटकायची, चादर झटकतात तशी.

आणि सुटीच्या सकाळी थोरली तिचे केस करायची.

लहानपणी मी तिकडे राहायला गेले की हा सोहळा बघायला मिळायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मधल्या खोलीच्या खिडकीशी एक बुटकं स्टूल, त्यावर धाकटी, मागे दोन्ही पाय रोवून थोरली, आणि तिच्या पाठीशी जमिनीवर मी. धाकटीचे केस कमरेपर्यंत होते आणि खरोखर बघण्यासारखे होते. थोरलीचे स्वतःचे अगदी सरळ, उंदराच्या शेपटीएवढे. कदाचित म्हणूनच असेल. मानेवर तिने दोन बोटं टेकवली की धाकटीने मान खाली घालायची. बोलावं लागायचं नाही.

“एकदा मी करून बघू का गं?” धाकटी विचारायची.

“तुझे हात काचेचे. काचेला काय, घासली की झाली. केसांना समजवावं लागतं.”

“माझेच केस आहेत ना?”

“डोकं तुझं, केस माझे. तुझ्या डोक्यात केस जास्त अन् अक्कल कमी. त्यातलं एक तरी मला सांभाळू दे.”

मी हसायचे. धाकटीही हसायची, मान खाली घालून. तिचं हसणं फक्त खांद्यांवरून कळायचं.

थोरलीच्या डाव्या हाताचं मधलं बोट लहानपणी जिन्याच्या लोखंडी दारात सापडून चेमटलं होतं. वरचं पेर आखूड आणि तर्जनीकडे वाकलेलं. त्यामुळे तिच्या डाव्या हाताने बसवलेली लाट नेहमी अरुंद यायची. ती मागे उभी राहायची, तेव्हा तिचा डावा हात धाकटीच्या डाव्या बाजूला. तिथल्या बाकीच्या लाटा ती उजवा हात पलीकडे नेऊन सुधारून घ्यायची, पण कानामागच्या त्या एका बेचक्यात हात वळायचा नाही. तिथे डाव्या हाताची चिमटी तशीच राहायची. आमच्या घरात त्या लाटेचं नावच ‘थोरलीची चिमटी’ पडलं होतं. माझे वडील म्हणायचे, “कुंभार मडक्यावर ठसा ठेवतो, तसं आमच्या ताईने हिच्यावर ठेवलंय.”

थोरली गेली ती फार न रेंगाळता. थोडा ताप, थोडा दम, मग दवाखाना. तिथे धाकटीने तिला एकच गोष्ट विचारली. दुकानाच्या मालकांनी समुद्राकाठच्या एका शहरात नवं दुकान काढायचं ठरवलं होतं. तिथली घासणीची खोली धाकटीने सांभाळावी, नवीन मुलींना शिकवावं, असं ते बरेच दिवस मागे लागले होते. धाकटीला जायचं होतं. किती जायचं होतं हे मला फार नंतर कळलं. समुद्राचा एक कागदी नकाशा तिने चाकाच्या मागे भिंतीवर चिकटवला होता आणि पाणी उडून उडून त्याचा लगदा झाला होता.

“मी जाऊ का गं तिकडे?” तिने विचारलं.

थोरलीने डोळे मिटून घेतले. धाकटी उत्तराची वाट बघत बसली. मग नर्सने येऊन तिला बाहेर जायला सांगितलं. ते उत्तर राहिलं ते राहिलंच.

नंतरच्या पहिल्या सुटीला धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा आपले केस आपण केले. जवस उकळताना उतू घालवलं. बनियन सापडेना, तर स्वतःचा जुना सुती परकर वापरला. स्टुलावर बसली, लाटा बसवल्या, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. केस सुकताना ती नेहमीच डोळे मिटायची. खिडकीतून ऊन तोंडावर यायचं. केस सुकले, तिने आरसा घेतला, दुसरा छोटा आरसा मागे धरला. आणि तिला कानामागे ती दिसली.

तिने मला फोन केला. आवाज अगदी रोजचा होता. “अगं, तू ते धाग्यांचं शिकलीस ना, मला एक सांग. केसांना सवय लागते का?”

मी कापड गिरणीच्या प्रयोगशाळेत धागे तपासते. लोकर, केस, रेशीम यांची जात एक. म्हणून मला बरं वाटलं, कुणीतरी आपल्याला विचारतंय. मी उत्साहाने सगळं सांगितलं. केस भिजला की त्याच्या आतले बारीक बंध सुटतात. सुकताना ते पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी केस ज्या आकारात असेल तोच आकार धरून ठेवतात. पुन्हा भिजला की पुन्हा सगळं पुसलं जातं. ओल्या केसाला मागचं काही आठवत नाही.

“काहीच नाही?”

“काहीच नाही. दर वेळी कोरी पाटी.”

“मग पाटीवर लिहितंय कोण?”

मी म्हटलं, मुळात केसच तिथे तसा वाकडा असेल, इतकी वर्षं दाबून थोडा चपटा झाला असेल. दाबलेला भाग खराब होतो, तो सारखा तसाच वळतो. हे मला पटलंही. आणि ते तपासून बघणं सोपं होतं. केस मुळाशी वाढतो. आज कानापाशी असलेला भाग काही महिन्यांनी खांद्यापाशी जाणार. चिमटी केसात असेल तर ती केसाबरोबर खाली सरकेल. मी पुढच्या सुटीला तिच्याकडे गेले आणि चिमटीच्या बरोबर मध्यावर, त्या बटेला लाल रंगाचा बारीक धागा बांधला. गिरणीतला पक्का धागा, रंग न जाणारा.

धागा खाली सरकत गेला. कानाच्या पाळीखाली आला, मग मानेपाशी आला. प्रत्येक वेळी धुतल्यावर आम्ही बघायचो. धाग्यापाशी केस साधे, इतर लाटांसारखे रुंद होते. आणि चिमटी जिथे होती तिथेच होती, कानामागे, आता अशा केसांत जे थोरली गेली तेव्हा डोक्याबाहेरसुद्धा आले नव्हते.

मी एकदा नवीन केसांची मुळं बघायला म्हणून भिंग घेऊन बसले. धाकटी म्हणाली, “बाळा, भिंगं मी जन्मभर बघितली. त्यात मोठं दिसतं, वेगळं दिसत नाही.”

मग मीच म्हटलं, मी समोर बसते. तू सुकव, मी बघते.

भर दुपार होती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गालिचा बडवत होतं, धप्, धप्, आणि मग तेही थांबलं. धाकटी स्टुलावर, डोळे मिटून. मी पलंगाच्या कडेवर. खोलीत वारा नव्हता, पडदा सरळ होता. केसांच्या टोकांवरून जमिनीवर ठेवलेल्या थाळीत पाणी ठिबकत होतं. हळूहळू ठिबकणं कमी झालं. केस वरून हलके व्हायला लागले, लाटा उचलल्या गेल्या, सगळं व्हायला हवं तसंच. मला जरा झोपच यायला लागली होती.

मग मला दिसलं की आत्याची मान वाकते आहे. झोपेत डोकं पडतं तसं झुलत नव्हतं. मान सावकाश, मोजकी वाकली आणि एका जागी थांबली. डाव्या कानामागची बट आत ओढली गेली, पदराला चिमटी घेऊन पिन लावण्याआधी कापड जसं गोळा होतं तशी. आणि तशीच राहिली.

“आत्या,” मी म्हटलं, “मान का वाकवलीस?”

“वाकवली? मी?” तिने डोळे उघडले. तिला स्वतःच्या मांडीवरचे हात दिसले, म्हणजे मान वाकलीच होती. ती तशीच बसून राहिली, वर न बघता. “तिने बोटं टेकवली की खाली घालायची,” ती म्हणाली. “सवय आहे.”

“आज टेकवली?”

मी उठून तिच्या मानेला हात लावला. मान ओली होती, ते साहजिक आहे. दोन ठिकाणी जास्त गार होती.

त्या दिवसापासून धाकटीपुढे प्रश्न साधा होता. मालक उत्तराला थांबले होते. ते विनोदी माणूस. म्हणाले, “धाकट्या ताई, आता तरी हो म्हणा. की अजूनही थोरल्या ताईंची परवानगी लागते?” धाकटी घासलेली काच उजेडात धरून म्हणाली, “विचारलंय. सांगते.” मालक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

ती मला म्हणाली, “इथे ती आहे तर मी जाणार कशी? तिला या घरात एकटी टाकून? आणि नसेल तर मी कशासाठी थांबलेय? मला फक्त एकदा, माझे केस, माझ्यासारखे सुकायला हवेत. एकदा सुकले की मी सुटले.”

आणि तिने केस कापले.

ती कोणाकडे गेली नाही. काचेची माणसं मापाची पक्की असतात, आणि इथेच तिचा घोटाळा झाला. तिने केस भिजवले, विंचरून सपाट केले, चष्म्याच्या खोक्यातली मापाची पट्टी घेतली आणि हनुवटीच्या रेषेत, एका सुतात सरळ कापले. काच ओली असो की कोरडी, माप तेच राहतं. लाटांचे केस तसे नसतात. ओले असताना ते लांब लटकतात, सुकले की स्प्रिंगसारखे वर उडतात. शिवाय कमरेपर्यंतचं ओझं गेलेलं. सुकेपर्यंत ते हनुवटीवरून कानाच्या वर गेले. सुकल्यावर आरशात बघणारी बाई एखाद्या शाळकरी पोरासारखी दिसत होती.

मी दार उघडून आत गेले आणि मला हसू आवरेना. तीही हसली, आणि तिचं हसणं मला पहिल्यांदा चेहऱ्यावर दिसलं.

“तुझ्या थोरल्या आत्याने बघितलं असतं तर पट्टीने फटके दिले असते,” ती म्हणाली.

“पट्टी तूच वापरलीस.”

“मग काय तर. केस कापायला गेले आणि नाक कापून घेतलं.” तिने कानामागे हात नेला. तिथली बट आखडून वर गेली होती. उघडी, पांढरी कातडी होती. ती तिथे बोट फिरवत राहिली. “बघ. चिमटीत धरायला काही ठेवलंच नाही मी तिला.”

त्या उन्हाळ्यात काही झालं नाही. केस धुवायचे, सुकायचे, टोपीसारखे बसायचे. मान वाकत नव्हती. धाकटी चार माणसांत बोलायला लागली, मोठ्याने. मालकांना होकार दिला. दोन खोल्या आवरल्या, शिवणयंत्र आमच्याकडे पाठवलं, स्टूल खालच्या बाईंना दिलं. निघायच्या दिवशी तिने रिकाम्या खोलीत उभं राहून मोठ्याने सांगितलं, “मी निघते गं.” मी दारात होते. ती उत्तरासाठी थांबली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर ती वारंवार हेच म्हणायची, की आपण थांबायला हवं होतं.

नवं शहर तिला मानवलं. तिचे फोन यायचे ते भरभरून. दुकान उताराच्या रस्त्यावर होतं. रस्ता खाली जाऊन जिथे संपायचा तिथे पाणी सुरू व्हायचं. वरच्या मजल्यावर तिला खोली दिली होती, एक खिडकी, एक खुर्ची, भिंतीला बेसिन. खाऱ्या हवेने फ्रेमचे स्क्रू गंजतात, मुली काच घासताना पाणी कमी सोडतात, काउंटरवरची बाई फार बोलते पण मनाची चांगली आहे. पाणी खरंच जड होतं. केस चिकट व्हायचे, मग तिने शेवटचा तांब्या उकळून गार केलेल्या पाण्याचा घ्यायला सुरुवात केली. “थोरली पाण्याबद्दल खोटं बोलली नव्हती,” ती म्हणाली. “पण पाणी सोडलं तर आडवं येण्यासारखं दुसरं काही नव्हतं.”

केस वाढत होते. कानावर आले, कानाखाली आले. तिने सगळं पुन्हा सुरू केलं, जवस, सुती कापड, बोटांनी लाटा. मी फोनवर विचारायचे, आणि ती म्हणायची, “नाही गं. डावीकडे सगळं साफ आहे.” मी प्रयोगशाळेतल्या माणसाच्या समाधानाने फोन ठेवायचे.

मग एके दिवशी दुकानात काउंटरवरच्या बाईने तिला थांबवलं.

“ताई, तुमचे केस कोण बसवून देतं?”

“कोण देणार? मीच.”

“मग ही बाजू कुणीतरी वेगळ्याने केलीय.” तिने बोट दाखवलं. “वाईट नाही दिसत. नाजूक आहे. पण हात वेगळा आहे, मला कळतं, माझी आई केस करायची लोकांचे.”

तिचं बोट धाकटीच्या उजव्या कानामागे होतं.

मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, उजवीकडे? मग तर प्रश्नच मिटला. ती डावीकडे असायची. ही दुसरी काहीतरी भानगड. भांग बदलला असेल, खिडकी त्या बाजूला असेल, एका बाजूने केस लवकर सुकत असतील.

“खिडकी उजवीकडेच आहे,” धाकटी म्हणाली.

“बघ.”

“खुर्ची फिरवून बसले. खिडकी डावीकडे घेतली. तरी उजवीकडेच.” मग म्हणाली, “तू ये.”

मी गेले. पोचले तेव्हा सकाळ होती आणि तिने केस धुऊन ठेवले होते. तिने मला पलीकडे, भिंतीशी, खोक्यावर बसवलं. स्वतः खुर्चीत बसली. हात मांडीवर, डोळे मिटलेले. खिडकीतून खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली, कुणीतरी शटर वर ढकललं. मग खोलीत फक्त समुद्राचा तो आवाज राहिला, जो लक्ष दिलं तर ऐकू येतो आणि नाही दिलं तर नाही.

मी मानेवर नजर ठेवून होते. मान वाकली नाही.

मान वर गेली. आत्याची हनुवटी सावकाश उचलली गेली, कुणीतरी खाली बोट लावून उचलावी तशी, आणि चेहरा सरळ माझ्याकडे झाला. मिटलेल्या पापण्या. खाली पडलेले खांदे, अगदी सैल, ज्यांनी तो चेहरा उचलला नव्हता. आणि उजव्या कानामागची बट आत ओढली गेली.

मी हाक मारली नाही. मला वाटलं होतं मी मारेन. माझ्या आणि तिच्यामध्ये तीन पावलांचं मोकळं अंतर होतं, त्यात खिडकीचा उजेड पडलेला होता, आणि उजेडात काहीही नव्हतं. तरी मला वाटत होतं की मला आत्याचा चेहरा नीट दिसत नाहीये. जरा बाजूला सरकलं तर दिसेल. मी खोक्यावर डावीकडे सरकले. नीट दिसला.

केस पूर्ण सुकल्यावर तिने डोळे उघडले. मी पाहिलं ते सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं, गिऱ्हाइकाच्या काचेचा नंबर ऐकावा तसं. मग टेबलावरचा आपला चष्मा उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला, काड्या तिच्याकडे.

“ही माझी उजवी काच,” ती एका काचेवर बोट ठेवून म्हणाली. “तुझ्या कुठल्या हाताला आहे?”

“डाव्या.”

“नवीन मुली इथेच चुकतात. समोरून बघतात आणि उजवीची डावी करतात.” तिने चष्मा घडी करून ठेवला. “ती माझ्या मागे असायची, तेव्हा तिचा डावा हात माझ्या डावीकडे. आता तोच हात, तेच बोट. बाजू फक्त बदललीय. म्हणजे ती मागे नाही.”

मला पाठीत भिंत टोचायला लागली. मी म्हटलं, “आत्या, तू माझ्याबरोबर चल. थोडे दिवस. आमच्याकडे राहा.”

“आणि काम?” ती म्हणाली. “त्या दोघी पोरींना अजून कडा उतरवता येत नाहीत. आणि मी पळून कुठे जाणार? डोकं खांद्यावरच घेऊन जाणार ना?”

ती उठली, बेसिनपाशी गेली, तोंड धुतलं. घाबरलेली वाटत नव्हती. मी घाबरले होते, आणि तिला ते दिसत होतं. आमच्या घरी असा नियम आहे की घाबरलेल्याला काम द्यायचं. म्हणून तिने मला जवसाचं भांडं घासायला दिलं. मी ते घासलं, पुसलं, आणखी एकदा घासलं. ती खाली जाऊन दुकान उघडून आली, मुलींना काय घासायचं ते सांगून आली, परत वर आली आणि माझ्यासमोर बसली.

“एवढी वर्षं तिने माझे केस केले,” ती म्हणाली, “पण माझ्याकडे बघत कधी केले नाहीत. मला वाटायचं, एकदा तरी पुढे येऊन बघ की, कशी दिसते मी. आता आलीय. म्हणून मी तिला नको म्हणणार नाही. पण मी विचारलं होतं, जाऊ का. त्याचं उत्तर तिच्याकडे राहिलंय. ते द्यायला आली असेल तर एका दिवशी देऊन जाईल. आणि द्यायचं नसेल, तर मग ती इथे राहायलाच आलीय. स्टूल नाही तर खुर्ची. ते घर नाही तर हे.”

“डोळे उघडून बघत का नाहीस?”

“धाडस होत नाही. रागावलेली असली तर?” ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम बसते की नाही हे बघताना बघायची तसं, भुवयांपासून कानांपर्यंत. “पण तू तिथे बसली होतीस. माझ्या समोर. म्हणजे ती तुझ्या माझ्या मध्ये, आणि तुझ्याकडे तिची पाठ. लहानपणापासून तिच्या पाठीशी बसून तू तिला बघत आलीस. तिला निघायचं असलं की ती एका पायावर भार देऊन उभी राहायची, आठवतं ना? आणि राहायचं असलं की दोन्ही पाय रोवून.”

मी हो म्हटलं. आठवत होतं.

“मग खरं सांग,” आत्या म्हणाली, “आत्ता ती कशी उभी होती?”